पुढील बाबू

शाळा सोडल्याच्या दाखल्याला आमच्या भागात कोणी दाखला म्हणत नाही, टीसी म्हणतात. टीसी काढावी लागते, दुखरा दात काढतात तशी, आणि ती काढून देणारा माणूस म्हणजे शाळेचा बाबू. आमच्या शाळेच्या बाबूंना सगळं गाव मागून ‘पुढील’ म्हणायचं. समोर अर्थातच बाबू. त्यांचं खरं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहावंसं वाटत नाही. ते स्वतः आयुष्यभर दुसऱ्यांची नावं वळणदार अक्षरात लिहीत राहिले आणि स्वतःची सही करायची वेळ आली की एक आडवी रेघ मारून मोकळे व्हायचे.

टीसीवर नावापासून वर्तणुकीपर्यंत बरेच रकाने असतात. त्यातला एक असतो, शाळा सोडण्याचे कारण. दुसऱ्या शाळांचे बाबू तिथे काय वाटेल ते लिहितात. सतत गैरहजर, पालकाची बदली, नाव कमी केले. आमचे बाबू तिथे एकच लिहायचे, ‘पुढील शिक्षणासाठी’. पोरगा जिनिंगवर कामाला जाणार असो, पोरगी उजवायची असो, कोणी दोनदा नापास होऊन शेवटी घरी बसणार असो, कारण तेच. त्यांचं अक्षर गोल होतं, आणि ‘पु’चा उकार ते इतका खाली ओढायचे की तो खालच्या शेऱ्याच्या रकान्यात जाऊन टेकायचा. मोताळा तालुक्यात तो उकार पाहून लोक सांगायचे की ही टीसी कोणत्या गावची आहे.

पण ते लिहिण्याआधी एक परीक्षा असायची, आणि ती बारावीच्या परीक्षेपेक्षा अवघड होती.

“कारण?” बाबू विचारायचे.

“पुढील शिक्षणासाठी,” समोरचा पोरगा पुटपुटायचा. एवढं म्हणायचं असतं हे सगळ्या गावाला पाठ होतं.

“मले नाई ऐकू आलं. मोठ्यानं सांग.”

पोरगा मोठ्यानं सांगायचा. बाहेर उभी असलेली पोट्टी हसायची.

“कुठी?”

“बुलढाणा.”

“बुलढाण्यात राह्यशीन कुठी? जेवशीन कुठी? सकाळची बस किती वाजता हाये?”

इथे भलेभले अडकायचे. एकाने वैतागून अमेरिका सांगितलं. बाबू शांतपणे म्हणाले, “तिकडची बस मोताळ्यावरून सुटते का मलकापूरवरून, ते घरी विचारून ये.” आणि त्याला खरंच परत पाठवलं. तो दुसऱ्या दिवशी येऊन मुकाट्याने बुलढाणा म्हणाला.

उत्तरं पटली की मग शिक्का निघायचा. शाळेचा गोल शिक्का ते कपाटात ठेवत नसत, जेवणाच्या डब्यात ठेवत. वरच्या खणात शिक्का, खालच्या खणात भाकरी आणि ठेचा. कपाटाची किल्ली हेडमास्तरांकडेही होती, डब्याला हात लावायची कोणाची प्राज्ञा नव्हती. आणि शिक्का मारून झाला की ते खुर्चीवरून उठून उभे राहायचे, दोन्ही हातांनी टीसी द्यायचे आणि काल ज्याला ‘काय बे’ म्हणत होते त्याला ‘या साहेब’ म्हणायचे. मुलींना ताई. शिक्षणाधिकारी आले तेव्हासुद्धा बाबू अर्धेच उठले होते, असं शिपाई सांगायचा.

हे सांगताना हसू येतं. तेव्हाही यायचं. पण माझ्या आयुष्याचं जे काही झालं ते या माणसामुळे झालं, असं मी दहा वर्षं स्वतःला सांगत आले आहे. आता ते सांगता येत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

दरवर्षी ऑगस्टात बाबू एक किरकोळ रजा टाकत. त्या दिवशी धुतलेला पांढरा शर्ट घालून, काखेत एक लांब वही घेऊन सकाळच्या बसने बुलढाण्याला जात. वहीत त्या सालच्या सगळ्या टीसीवाल्यांची नावं. तिथल्या एकेका कॉलेजात जाऊन ते प्रवेशाच्या याद्या वाचत, आणि नाव सापडलं की वहीत बरोबरची खूण करत. याद्या फळ्यावरून उतरून मोबाइलमध्ये गेल्या तरी त्यांचं जाणं थांबलं नाही. कॉलेजच्या बाबूसमोर जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, “आमचे पोट्टे आले का ते पाह्याले आलो.” तो बाबूही यांना ओळखू लागला होता. खुणा किती झाल्या हे ते कोणाला सांगत नसत. पण परत आल्यावर दोन दिवस गप्प असत, त्यावरून समजायचं.

मग ते न सापडलेल्यांना शोधत फिरत. मोताळ्याच्या आठवडी बाजारात मी स्वतः पाहिलं आहे. आमच्या दोन वर्षं पुढच्या वर्गातला एक मुलगा मोबाइलची कव्हरं विकायला बसला होता. बाबू त्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले, वही उघडली, बोट ठेवलं.

“तू तं बुलढाण्यात हायेस,” ते म्हणाले.

“बाबू, बसा ना. चहा सांगतो.”

“तू इथं नाईस. तं मले चहा कोन पाजून राह्यलं?”

मुलगा कव्हरं सारखी करत राहिला. आसपासचे लोक हसले. बाबू हसले नाहीत. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, “मोठ्यानं सांगितलं होतं बे तू.” आणि मेथीच्या जुड्यांमधून वाट काढत निघून गेले. मी तेव्हा अकरावीत होते. मला त्या मुलाची दया आली नाही, मला वाटलं, हा खोटारडा आहे. मी अशी नसेन.

बाबूंना हे वेड का लागलं, याचं उत्तर त्यांच्याच रजिस्टरात होतं. शाळेत एक दाखल-खारीज रजिस्टर असतं. मूल शाळेत आलं की दाखल, गेलं की खारीज. हा खारीज शब्द बाबूंना आवडत नसे. “पोट्टं काय खारीज होते का? पुढं जाते,” ते म्हणायचे. एकदा बारावीच्या वर्गाचे फॉर्म लावायला त्यांनी मला मदतीला बसवलं होतं, तेव्हा त्यांनी कपाटातून एक जुनं, पाठ निघालेलं रजिस्टर काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. नाव त्यांचं. दाखल तारीख होती. खारीजच्या रकान्यात काहीच नव्हतं.

त्यांचे वडील याच शाळेत शिपाई होते. बाबूंचा बारावीचा निकाल लागला त्या महिन्यात ते वारले, आणि त्यांच्या जागी मुलाला नोकरी मिळाली. आधी शिपाई, मग बाबू. बुलढाण्याला इतिहास घेऊन बी.ए. करायचं ठरलं होतं, ते राहिलं. टीसी काढायची गरजच पडली नाही.

“म्हंजे कागदावर मी अजून बारावीतच आहो,” ते म्हणाले आणि डोळे मिचकावले. “एक दिवस काढीन माही. कारण काय लिवायचं ते ठरलेलंच हाये.”

मी हसले. सतरा वर्षांची मुलगी आणखी काय करणार?

बारावीला मी वर्गात दुसरी आले. मला बी.एस्सी. करायचं होतं, केमिस्ट्री घेऊन. यामागे काही थोर विचार नव्हता. आमच्या शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप असे. दोन वर्षांत सगळे प्रयोग आम्ही वहीत काढले, रंगीत पेन्सिलींनी, हाताने एकही केला नाही. निळं पाणी लाल होतं असं मी चार वेळा लिहिलं होतं आणि ते होताना मला एकदा बघायचं होतं. एवढंच माझं उच्च शिक्षण.

निकालाच्या पाठोपाठ मलकापूरकडचं स्थळ आलं. मुलगा पाहून गेला, पसंती कळवली. घरात माझं मत कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलंही नाही. यातली दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी, ती पुढे लागणार आहे. आप्पा, म्हणजे माझे वडील, वाईट माणूस नव्हते. पाच एकर कापूस-सोयाबीन करून त्यांनी मला बारावीपर्यंत शिकवलं होतं. पाहुणे आले की माझी गुणपत्रिका काढून दाखवत. फक्त गुणपत्रिका ही दाखवण्याची वस्तू आहे असं त्यांना वाटे, ती घेऊन पुढे कुठे जायचं असतं हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही.

अलीकडे मंगल कार्यालयवाले वयाच्या बाबतीत कडक झाले आहेत. पोरीची टीसी दाखवल्याशिवाय तारीख देत नाहीत. म्हणून जूनच्या मध्यावर आप्पा मला घेऊन शाळेत आले.

“पोरीची टीसी पाह्यजे बाबू. कार्यालयवाल्याले दाखवाची हाये.”

बाबूंनी रजिस्टर उघडलं आणि नेहमीसारखं विचारलं, “कारण?”

“पुढील शिक्षणासाठी,” मी म्हणाले.

“मोठ्यानं सांग.”

मी मोठ्यानं सांगितलं. आप्पा हसले, त्यांना ही बाबूंची जुनी रीत माहीत होती.

“कुठी?”

“बुलढाणा.”

“राह्यशीन कुठी?”

“मुलींचं वसतिगृह आहे. नाही मिळालं तर मावशीकडे. सकाळची बस पावणेसातला आहे.” आणि मग न विचारता तोंडातून गेलं, “बी.एस्सी. केमिस्ट्री.”

आप्पांचं हसू थांबलं. बाबू माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पेन उचललं. एरवी ते जन्मतारीख रजिस्टरातून मोठ्याने वाचत आणि मग अक्षरी लिहीत. त्या दिवशी वाचली नाही. खाली मान घालून लिहिली, शिक्का मारला, उठून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी कागद माझ्या हातात दिला. आप्पांच्या नाही, माझ्या.

आमच्या गावातल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला असतो, कारण पहिलीत नाव घालताना गुरुजी तीच तारीख लिहून टाकत. माझीही तीच. साल मात्र बाबूंनी एकाने पुढचं लिहिलं होतं, आकड्यांत आणि अक्षरांत दोन्हीकडे. कागदावर मी सतरा वर्षांची झाले.

मला ते घरी येताना रस्त्यातच दिसलं. दहावीची सनद, म्हणजे बोर्डाचं प्रमाणपत्र, माझ्याच फाइलीत होतं आणि त्यावर खरं साल होतं. मी ती सनद ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवून दिली आणि काही बोलले नाही. त्या रात्री मला इतकी गाढ झोप लागली की आई सकाळी दोनदा उठवायला आली.

मंगल कार्यालयवाल्याने टीसी परत केली. वर्षभर थांबा म्हणाला. आप्पांनी डोकं खाजवलं. माझा जन्म घरी झालेला, कापूस वेचणीच्या दिवसांत, साल कोणते ते आईला नीट आठवेना. मलकापूरवाले वर्षभर कशाला थांबतील? त्यांनी दुसरीकडे ठरवलं. चिडून आठ दिवस आप्पा माझ्याशी बोलले नाहीत, आणि मग एक दिवस जेवताना म्हणाले, “घरी बसून तरी काय करशीन? जाय बुलढाण्याले, वर्षभर शिकून घे.”

मी धावत शाळेत गेले. बाबूंना सांगितलं. त्यांनी डबा उघडला, अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, “खाय.”

“बाबू, ते साल,” मी म्हणाले.

“तुहा जन्म कापसातला हाये, जुनातला नाई. म्या फकत जरासं खऱ्याकडं सरकवलं.” ते आपल्या हुशारीवर खूश होते. मीही खूश होते. आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात पुढचं आलं नाही. आयुष्यभर कागद हाताळलेला माणूस आणि वर्गात दुसरी आलेली मुलगी.

कॉलेजात कागदपत्रं तपासायला एक मॅडम होत्या. त्यांनी माझी सनद टेबलावर ठेवली, शेजारी टीसी ठेवली, आणि दोन्हींवर एकेक बोट ठेवून मला विचारलं, “यातली तू कोणती?”

टीसी दुरुस्त करून आण, मग प्रवेश, असं त्यांनी सांगितलं. त्यांचं काही चुकलं नाही. मी पावणेपाचच्या बसने परत आले. बस शाळेसमोर थांबते. बाबू फाटकातच उभे होते, वही काखेत. माझं तोंड पाहून त्यांनी वही मागे लपवली.

“होते दुरुस्त,” ते म्हणाले. “लाल शाईनं होते. त्यात काय हाये एवढं?”

पण टीसीशी जुळावं म्हणून त्यांनी रजिस्टरातही तेच साल करून ठेवलं होतं, आणि तिथली लाल शाई बाबूंच्या हातात नव्हती. जन्मतारखेची दुरुस्ती म्हणजे हेडमास्तरांचा प्रस्ताव, खुलासा, वरची मंजुरी. हेडमास्तरांनी बाबूंना केबिनमध्ये घेतलं, तो आवाज मी व्हरांड्यात उभं राहून ऐकला. चूक झाली की केली, असं ते विचारत होते. बाबू एकच वाक्य परत परत म्हणत होते, “लिवण्यात चूक झाली सर.” त्यांच्यावर नोटीस निघाली. ते दर सोमवारी रजा टाकून बुलढाण्याला जात, कागद कुठवर आला ते पाहत. प्रवेश बंद झाले, पहिलं सत्र गेलं, दिवाळी गेली. मी घरी वेचणी करत होते. येता-जाता बाबू बांधावर थांबून ओरडून सांगत, “सही बाकी हाये फकत.” मी हात हलवायचे. पुढे पुढे हात हलवणंही सोडलं.

मंजुरी आली ती पुढच्या मे महिन्यात. नवीन टीसी घ्यायला जूनमध्ये या, असा बाबूंचा निरोप आला. आणि जूनमध्ये आप्पांनी देऊळगाव राजाचं स्थळ पक्कं केलेलं होतं. आता कागदावरही मी एकोणीसची होते.

पुन्हा तेच टेबल, तेच आम्ही तिघं. बाबूंनी लाल शाईची दुरुस्ती केलेलं रजिस्टर उघडलं. या वेळी जन्मतारीख अगदी सावकाश, मोठ्याने वाचली. मग पेन हातात धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“कारण?”

मी काही बोलले नाही.

“मोठ्यानं सांग ताई.”

त्यांनी टीसी देण्याआधीच ताई म्हटलं होतं. शिक्षण अजूनही होऊ शकलं असतं. प्रवेश सुरू होते, कागद बरोबर होते, आणि आप्पा माझ्या शेजारी उभे असले तरी त्यांनी माझं तोंड धरलं नव्हतं. मला वाटतं, मी त्या वेळी ते दोन शब्द म्हटले असते तर आप्पा चिडले असते, कदाचित मानलेही असते. मी खाली बघत उभी राहिले. टेबलाच्या पायाला एक खिळा वर आला होता, तो मला अजून आठवतो. वर्षभरात मी इतकी थकले होते की आता जे होईल ते लवकर व्हावं, एवढंच वाटत होतं.

बाबूंनी बराच वेळ वाट पाहिली. आप्पा म्हणाले, “लिवा ना बाबू तुमचं नेहमीचं.”

त्यांनी लिहिलं. पुढील शिक्षणासाठी. उकार खाली ओढला. कुठी, हे मात्र विचारलं नाही. आणि त्याच टीसीवर मंगल कार्यालयवाल्याने मला तारीख दिली. त्याने वयाचा रकाना वाचला, खालचा वाचला नाही.

देऊळगाव राजाला आमचं घर बालाजी मंदिराच्या मागच्या गल्लीत आहे. नवऱ्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, माणूस बरा आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच जूनमध्ये दारात बाबू उभे. मोताळ्याहून बुलढाणा, बुलढाण्याहून इथे, दोन बस बदलून आलेले. पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत मुक्त विद्यापीठाचा बी.ए.चा फॉर्म.

“सायन्स तं घरून होत नाई,” ते म्हणाले. “पन हे होते. पेपराले तेवढं जावं लागते.”

फॉर्म आता ऑनलाइन भरतात हे त्यांना मान्य नव्हतं. ते कुठूनतरी कोरा नमुना छापून आणत आणि आपल्या अक्षरात भरत. “हे पाहून कोनीबी कम्प्युटरवर टाकते,” म्हणत. पहिल्या वर्षी मी म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. दुसऱ्या वर्षी पोटात मुलगी होती. मग मुलगा झाला. मग सासऱ्यांचं आजारपण. बाबू निवृत्त झाले तरी यायचे थांबले नाहीत. चहा घेत, मुलांना बिस्किटपुडा देत, सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी करत आणि पिशवी ठेवून जात. मी ती पिशवी उघडतही नसे. स्वयंपाकघरातल्या फडताळावर वर टाकून द्यायची.

सासूबाई विचारायच्या, “हे तुझे कोण लागतात गं?” मी सांगायचे, शाळेतले आहेत.

तीन वर्षांपूर्वी ते आले त्या दिवशी घरात पाहुणे होते, धाकट्याला ताप होता, गॅस संपला होता. बाबू बाहेरच्या खोलीत पाहुण्यांना सांगत होते की आमची ही पोट्टी लई हुशार. एक पाहुणी माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्याचं मला काय झालं ते सांगता येणार नाही. मी बाबूंना ओट्यावर बोलावून घेतलं.

“बाबू, तुम्ही येत जाऊ नका,” मी म्हणाले. “काय शिक्षण-शिक्षण लावलंय? तुमच्यामुळेच तर राहिलं. तुम्ही ते साल लिहिलं नसतं तर...” तसं ते खोटं होतं. साल लिहिलं नसतं तर मी आदल्या वर्षीच मलकापूरला गेले असते.

बाबूंनी मान हलवली. “हाव,” ते म्हणाले. “म्हनून तं येतो.”

त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली आणि निघाले. मी चहा विचारला नाही. गल्लीच्या टोकाला ते थांबले आणि उजवीकडे वळले. बसस्टँड डावीकडे आहे, हे इतक्या वर्षांत त्यांना माहीत झालं होतं. मी हाक मारायला हवी होती. कोणीतरी दुकानदाराने हात करून सांगितलं, मग ते परत फिरले, आणि माझ्या घराकडे न बघता डावीकडे गेले.

पुढच्या जूनमध्ये ते आले नाहीत. मी वाट पाहत नव्हते. पण त्या महिन्यात बाहेरच्या खोलीत बिस्किटांच्या बशीवर झाकण ठेवून ठेवत होते, हे सासूबाईंच्या लक्षात आलं. त्याच्या पुढचा जूनही तसाच गेला.

या पावसाळ्यात आप्पांचा फोन आला. सोयाबीनची उगवण, आईचे डोळे, भावाची गाडी, सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, “अन् तो पुढील गेला.”

“कुठी?” मी विचारलं. इतक्या वर्षांनी तोंडात तोच शब्द आला.

आप्पा म्हणाले, “कुठी म्हंजे? वारला बाई. दोन वर्षं अंथरुनावरच होता.”

मी फोन ठेवला आणि फडताळावरच्या पिशव्या काढल्या. धुळीने चिकट झाल्या होत्या. एका फॉर्मला डब्याच्या बुडाचा गोल डाग पडला होता. सगळ्यात वरचा, तीन वर्षांपूर्वीचा, मी पहिल्यांदा उघडून वाचला. नाव माझं, माहेरचं, कारण सनदेवर तेच आहे. जन्मतारीख बरोबर, आकड्यांत आणि अक्षरांत. अक्षर थरथरलेलं होतं, तरी उकार खाली ओढलेलेच. त्यांनी सगळे रकाने भरले होते, सहीची जागा तेवढी माझ्यासाठी सोडली होती.

तिसऱ्या पानावर एक रकाना होता. शिक्षणात खंड पडला असल्यास कारण. मी काय लिहिलं असतं? लग्न, मुलं, सासऱ्यांचं आजारपण, टेबलाच्या पायाचा खिळा. बाबूंनी तिथे दोन शब्द लिहिले होते. लिपिकाची चूक.

मग मी बाकीचे फॉर्म उघडले. सगळ्यांत तेच. दरवर्षी त्यांनी ते नव्याने लिहिलं होतं, आणि मी फॉर्मवर सही केली असती तर खंड तेवढाच राहिला असता, ते खरं ठरलं असतं. मी एकदाही केली नाही, आणि तरी इतकी वर्षं तेच म्हणत राहिले. त्या फॉर्मांच्या मुदती केव्हाच गेल्या आहेत. यंदाचीही गेली, मी दुकानातल्या कम्प्युटरवर पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या नावासमोरचा खारीजचा रकाना कोणी भरला की तो तसाच आहे, तेही मला माहीत नाही.

फॉर्म हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी होते. मुलं शाळेत गेली होती. मी म्हणून पाहिलं. पहिल्यांदा नुसतं पुटपुटले. मग मोठ्यानं म्हटलं, “पुढील शिक्षणासाठी.”

बाहेरच्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, “काय गं, काही म्हणलीस का?”

“काही नाही,” मी म्हणाले.